नेट चालू, पण स्विचला शेजारी दिसत नाही: एलएलडीपीच्या तक्रारींचा क्रमवार तपास

दापोलीपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत हॉटेलं, काजूचे कारखाने, आंब्याचे कॅनिंगवाले आणि काही कॉलेजं यांची नेटवर्कं बघतो. पाऊस लागला की एक तक्रार हमखास येते. ती एलएलडीपीची, म्हणजे स्विचांनी (नेटवर्कच्या केबली जिथे जुळतात त्या पेट्यांनी) केबलीच्या पलीकडच्या शेजाऱ्याला आपली ओळख सांगण्याच्या पद्धतीची. पण तक्रार करणारा 'एलएलडीपी' असं कधी म्हणत नाही. फोन बंद पडले, वायफाय अर्धंच चालतंय, स्क्रीनवरच्या नकाशातून मागच्या इमारतीचा स्विच गेला, असं काहीतरी सांगतो. तिथला आयटीवाला मात्र तोवर स्विचमध्ये शिरून चार सेटिंग बदलून बसलेला असतो आणि मूळ दुखणं त्याखाली दडतं. म्हणून आधी लक्षणं, मग तपास, आणि सेटिंगला हात त्यानंतर.

लक्षणं कोणती

स्विचच्या शेजाऱ्यांच्या तक्त्यात काल असलेलं नाव आज नाही, पण नेट व्यवस्थित चालू आहे. किंवा नाव येतं, थोडा वेळ राहतं, जातं, पुन्हा येतं. किंवा ऑफिसच्या स्विचला गोडाऊनचा स्विच दिसतो, पण गोडाऊनच्या स्विचला ऑफिसचा दिसत नाही. किंवा एकाच पोर्टवर चार-चार शेजारी. आयपी फोन चालू होतो, पण पत्ता कॉम्प्युटरच्या रेंजमधला घेतो आणि रजिस्टर होत नाही. ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारी पेटी) चालू, पण त्याच्या पानावर कमी पॉवरचा इशारा आणि एखादा रेडिओ बंद. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे शेजाऱ्याच्या जागी तुमच्याच स्विचचं नाव. हे दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवा, कुठेतरी लूप पडलेला आहे, म्हणजे केबल गोल फिरून त्याच स्विचला येऊन मिळाली आहे. स्विचची स्वतःची हाक फिरून त्याच्याकडेच परत येते आहे. तो पोर्ट आधी बंद करा.

एवढं माहीत असेल तर निम्मा तपास घरबसल्या होतो

एलएलडीपी हे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.१एबी हे मानक, पहिलं प्रकाशन २००५चं. प्रत्येक पोर्टवरून स्विच ठरावीक वेळाने एक छोटी फ्रेम सोडतो: मी अमुक, हा माझा अमुक पोर्ट, ही माहिती इतके सेकंद धरून चाला. या तीन गोष्टी सक्तीच्या. नाव, मॉडेल, मॅनेजमेंटचा आयपी, व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळं काढलेलं नेटवर्क) वगैरे ऐच्छिक. ही फ्रेम पडवीतून दिलेल्या हाकेसारखी असते. पलीकडे ऐकू गेली की नाही हे हाक मारणाऱ्याला कळत नाही. पोचपावती नाही, बोलणी नाहीत. त्यामुळे दोन दिशा म्हणजे दोन स्वतंत्र गोष्टी. एक चालू आणि दुसरी बंद असू शकते.

दुसरं म्हणजे ही फ्रेम ०१-८०-सी२-००-००-०ई या पत्त्यावर जाते. नियमाने वागणारा कोणताही स्विच हा पत्ता पुढे पाठवत नाही, स्वतःच वाचतो आणि तिथेच संपवतो. म्हणजे दोन स्विचांच्या मधे तिसरं काही बसलेलं असेल तर गडबड ठरलेली. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी शेवटी याच ठिकाणी येऊन थांबतात, सेटिंगवर नाही.

आधी दोन मिनिटं थांबा

एलएलडीपीचा नेहमीचा हिशोब असा, की दर ३० सेकंदांनी फ्रेम, आणि पलीकडचा ती चौपट वेळ म्हणजे १२० सेकंद लक्षात ठेवणार. सीडीपी ही सिस्को कंपनीची स्वतःची अशीच पद्धत, तिचा हिशोब ६० आणि १८० सेकंदांचा. वीज जाऊन आलेली असेल तर स्विच सुरू व्हायलाच काही मिनिटं जातात, नंतर तक्ता भरायला आणखी वेळ. उलटही होतं: केबल काढली तरी जुनं नाव दोन मिनिटं तसंच दिसत राहतं, आणि माणूस म्हणतो 'दिसतंय की, लिंक चांगली आहे'. त्यामुळे तपासात काहीही बदललं की घड्याळ बघा. मोठ्या आवाजातल्या जनरेटरशेजारी उभं राहून दोन मिनिटं थांबणं जिवावर येतं, पण खर्च शून्य.

मग केबलीच्या मागे चाला

हा तपास फुकटचा आहे, फक्त पाय दुखतात. स्विचपासून निघा आणि केबल जिथे जाते तिथे जा. नकाशावर विसंबू नका. मधे काय काय लागतं ते लिहून घ्या: पाच पोर्टांचा प्लॅस्टिकचा साधा स्विच, पीओई इंजेक्टर (नेटवर्कच्या केबलीतूनच वीज देणारा), मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारा), खाडीपलीकडे सोडलेली वायरलेस लिंक.

तारकर्लीकडच्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनचे दोन्ही फोन दर पावसात जायचे. फोन बदलून झाले, स्विचवरचा व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठीचा वेगळा व्हीलॅन) काढून पुन्हा घालून झाला. केबल धरून चालत गेलो तर ती काउंटरखालून टीव्हीच्या मागे वळलेली. तिथे डबल टेपने भिंतीला चिकटवलेला एक काळा पाच पोर्टी स्विच, त्यावर धुळीचा आणि मिठाचा पांढरट थर. मॅनेजर काउंटरवरच्या पोऱ्याकडे वळला, "हो डबो हंय कोणी लावल्यान?" पोरगा म्हणाला, "टीव्हीवालो इल्लो, तेनाच लावल्यान." टीव्हीला पोर्ट हवा होता, तो त्याने असा काढला होता. त्या डब्यातून एलएलडीपीच्या फ्रेमा पुढे जात नव्हत्या. एरवी फोन आधी शिकलेल्या व्हीलॅनवर चालत राहायचे. वीज गेली आणि फोन नव्याने सुरू झाले की त्यांना व्हीलॅन सांगणारं कोणी नसायचं. पावसाचा संबंध एवढाच, की पावसात वीज जाते.

साधे स्विच दोन तऱ्हांचे असतात. काही या फ्रेमा गिळतात, तेव्हा शेजारी गायब होतो. काही नियम न पाळता सगळीकडे पसरवतात, तेव्हा एकाच पोर्टवर चार-पाच शेजारी दिसतात. कॅन्टीनचा फोन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि दूरचा स्विच असे सगळे एकाच पोर्टला लटकलेले दिसले तर मधे डबा आहे, हे न जाताही सांगता येतं. उपाय एकच, डबा काढा आणि स्वतंत्र केबल ओढा. केबल ओढणं शक्यच नसेल तर तिथे लहानसा मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा, स्विच लावा.

एक अपवाद. तक्त्यात एकच स्विच दोन पोर्टांवर दिसणं म्हणजे बिघाड असतोच असं नाही. दोन केबली मुद्दाम टाकलेल्या असतील आणि लूप टाळणाऱ्या स्पॅनिंग ट्रीने एक अडवलेली असेल तरी एलएलडीपी त्या अडवलेल्या पोर्टवरूनही चालतो. घाबरून ती दुसरी केबल काढू नका.

मायक्रोटिकवाल्यांसाठी वेगळं: त्यांच्या राउटरओएस या सिस्टिमच्या नेबर यादीत एमएनडीपी या मायक्रोटिकच्या स्वतःच्या पद्धतीचीही भर असते. तो यूडीपी ५६७८ पोर्टवर ब्रॉडकास्ट करतो आणि साध्या स्विचांतून आरपार जातो. त्यामुळे त्या यादीत नाव आहे म्हणजे केबलीच्या दुसऱ्या टोकाला तेच उपकरण आहे, असं धरू नका.

लिंकची तब्येत

पोर्टचा वेग बघा. गिगाबिटचा पोर्ट १००वर आलेला असेल तर आठातली एखादी तार गेली आहे; १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच पिना लागतात, म्हणून लिंक मरत नाही, नुसती खाली येते. किनाऱ्यालगत पॅच कॉर्डच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड चढते. ती खरवडत बसू नका, कॉर्ड बदला. कॉर्ड स्वस्त आहे, आणि खरवडली की वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून ती महिन्याभरात पुन्हा गंजते. पोर्टच्या आकडेवारीत सीआरसी एरर (वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमा) वाढताहेत का, तेही इथेच बघून घ्या.

येतो-जातो प्रकारातल्या शेजाऱ्यासाठी इथे थोडा विचार करा. नाव तक्त्यातून जायला लागोपाठ चार फ्रेमा चुकाव्या लागतात. केबल इतकी खराब असेल की चारही फ्रेमा जातात, तर लोक नेटबद्दलही ओरडत असतात. लोक गप्प आहेत, फाइली नीट जाताहेत आणि तरी शेजारी लपंडाव खेळतोय, तर केबलीला दोष देऊ नका. टायमर बघा. त्याबद्दल पुढे.

आता स्विचमध्ये शिरा

पहिला प्रश्न, तो चालू आहे का. हसू नका. सिस्कोच्या बहुतेक कॅटलिस्ट स्विचांवर कारखान्यातून सीडीपी चालू आणि एलएलडीपी बंद येतो. दुसऱ्या बऱ्याच कंपन्यांचा एलएलडीपी आपोआप चालू असतो. चिपळूणला २२ जुलै २०२१च्या पुरानंतर तिथल्या पट्ट्यात जे मिळेल ते स्विच बसवले गेले, त्यामुळे एकाच रॅकमध्ये तीन कंपन्या शेजारी बसलेल्या दिसतात. एक सीडीपी बोलतो, दुसऱ्याला तो कळत नाही. दोन्ही बाजूंना एलएलडीपी चालू केला की प्रश्न मिटतो. सिस्कोवर ग्लोबल कॉन्फिगमध्ये 'एलएलडीपी रन', मग पोर्टवर 'एलएलडीपी ट्रान्समिट' आणि 'एलएलडीपी रिसीव्ह' आहे का ते बघायचं. 'शो एलएलडीपी नेबर्स' हा तक्ता. त्यापुढे 'डिटेल' जोडलं की पलीकडचा आयपी आणि पोर्टही कळतो.

वेब पानावर काम करत असाल तर पोर्टगणिक चार पर्याय दिसतात: फक्त पाठवा, फक्त ऐका, दोन्ही, बंद. इथे दोन्ही टोकं जुळवून बघा. इकडे 'फक्त ऐका' आणि तिकडेही 'फक्त ऐका' असेल तर दोघंही कान लावून बसतील, बोलणार कोणी नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, सुरक्षेच्या नावाखाली सगळीकडे पाठवणं बंद केलेलं नेटवर्क बघितलेलं आहे.

त्याच मेन्यूत आयपीव्ही६च्या भागात 'नेबर डिस्कव्हरी' नावाचं आणखी एक पान असतं. त्याचा आपल्या कामाशी संबंध नाही. ते आयपीव्ही६चे पत्ते आणि राउटर शोधण्यासाठी आहे, आरएफसी ४८६१मधलं. ते बंद केलं तर शेजारी दिसणार नाहीच, वर आयपीव्ही६ जाईल.

मग सेव्ह. दर वीज गेल्यावर परत येणाऱ्या तक्रारीचं हे दुसरं मोठं कारण. बऱ्याच स्विचांच्या वेब पानावर 'ॲप्लाय' आणि 'सेव्ह' ही दोन वेगळी बटणं असतात. ॲप्लाय केलेलं चालू मेमरीत राहतं आणि वीज गेली की जातं. सिस्कोवर 'राइट मेमरी' हा जुना, छोटा उपाय. एप्रिलमध्ये कोणीतरी एलएलडीपी चालू केला, सगळं छान दिसलं, जूनमध्ये पहिला वळीव आला, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि स्विच पुन्हा एप्रिलच्या आधीच्या अवस्थेत. तक्रार दर वेळी वीज आल्यानंतरच येत असेल तर स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह झालेल्या सेटिंग) आणि चालू कॉन्फिग शेजारी ठेवून वाचा. फरक डोळ्याला लगेच दिसतो. आणि बॅटरी बदला.

टायमर. मानकात ठेवण्याची वेळ ही पाठवण्याच्या वेळेच्या पटीत निघते, त्यामुळे सहसा गोंधळ होत नाही. पण सिस्कोवर 'एलएलडीपी टायमर' आणि 'एलएलडीपी होल्डटाइम' वेगवेगळे लिहावे लागतात. ट्रॅफिक वाचवायला कोणी टायमर १८० केला आणि होल्डटाइम १२०वरच सोडला, तर दर तीन मिनिटांत शेवटची साठ सेकंदं शेजारी गायब. अगदी घड्याळाच्या ठोक्यावर येणारा-जाणारा शेजारी दिसला तर हेच. दोन्ही मूळ आकड्यांवर आणा. ३० सेकंदांना एक छोटी फ्रेम वाचवून काहीही मिळत नाही.

फोन आणि ॲक्सेस पॉइंट

फोनसाठी एलएलडीपीचं एक वाढीव अंग आहे, एलएलडीपी-मेड. टीआयए-१०५७ हे त्याचं २००६चं मानक. व्हॉइस व्हीलॅन, प्राधान्य आणि डीएससीपी (आयपी पॅकेटवरची प्राधान्याची खूण) या तीन गोष्टी स्विच त्यातून फोनला सांगतो. पण स्विच स्वतःहून सांगत नाही. फोनने आधी मेडची फ्रेम पाठवली तर सांगतो. म्हणून फोनच्या स्वतःच्या मेन्यूत एलएलडीपी चालू आहे का, हे आधी. मग स्विचच्या पोर्टवर व्हॉइस व्हीलॅन लिहिलेला आहे का, आणि तो व्हीलॅन अपलिंकवरही (मुख्य स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) सोडलेला आहे का. तिसरी गोष्ट हमखास विसरली जाते, आणि मग फोन बरोबर व्हीलॅनमध्ये जातो पण त्याला पत्ता द्यायला तिथे कोणी नसतं. हे सगळं नीट असेल तर फोन बूट होऊ द्या आणि तक्ता बघा. घाईने दर अर्ध्या मिनिटाला केबल काढून घालणाऱ्याला काहीच कळत नाही.

ॲक्सेस पॉइंटचं दुखणं पॉवरचं. ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॉट देतो, ८०२.३एटीमध्ये ३० वॉट, आणि केबलीतली घट धरून पलीकडे २५.५ पोचतात. काही स्विच-ॲक्सेस पॉइंट जोड्यांत ती वरची पॉवर एलएलडीपीनेच मागितली जाते. स्विचवर एलएलडीपी बंद किंवा मधे डबा, की ॲक्सेस पॉइंट खालच्या पॉवरवर अडकतो आणि एखादा रेडिओ बंद ठेवतो. वायफाय 'अर्धं' चालण्याचं हे कारण लोकांच्या डोक्यात येतच नाही, ते चॅनल बदलत बसतात.

एका बाजूला दिसतो, दुसरीकडे नाही

दोन्ही टोकांच्या सेटिंग तपासून झाल्या असतील तर हा फायबरचा वास आहे. दोन इमारतींमध्ये दोन काड्यांची फायबर आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर असेल, तर एक काडी तुटली तरी तांब्याच्या बाजूचे दिवे कधीकधी हिरवेच राहतात. कन्व्हर्टरवर लिंक फॉल्ट पास-थ्रू नावाचा छोटा खटका असतो. तो चालू असला की एका बाजूचा बिघाड दुसऱ्या बाजूलाही कळतो. तो चालू करा. स्विचमध्ये थेट एसएफपी (फायबर लावायचा छोटा मॉड्यूल) असेल तर आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी स्विचवरच वाचता येते. एक गिगाबिटच्या एलएक्स एसएफपीला साधारण उणे १९ डीबीएमपर्यंतचा प्रकाश चालतो. वाचन त्याच्या खाली असेल तर काम तुमच्या स्विचमध्ये नाही, केबलीत आहे. फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका. त्या तरंगलांबीचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

लॅपटॉप लावून ऐका

एवढ्याने नाही सुटलं तर लॅपटॉपवर वायरशार्क (केबलीवरच्या फ्रेमा दाखवणारं सॉफ्टवेअर) घ्या, एका टोकाची केबल त्यात घाला, फिल्टरमध्ये एलएलडीपी लिहा आणि निदान एक मिनिट थांबा. फ्रेम आली, तर पाठवणारा निर्दोष. दोष ऐकणाऱ्याकडे किंवा पुढच्या केबलीत. मग दुसऱ्या टोकाला तेच करा. इथे अंदाजाला जागाच राहत नाही, म्हणून मला हा तपास आवडतो, पण शेजारी दिसत नाही म्हणून पहिल्याच मिनिटाला लॅपटॉप काढणं म्हणजे पाच मिनिटांचं काम तासाचं करणं.

खाडीच्या दोन काठांवरच्या वायरलेस लिंका आणि व्हर्च्युअल मशीनचे होस्ट इथे सापडतात. लिनक्सचा ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) एलएलडीपीचा तो वर सांगितलेला पत्ता मुळातच पुढे सोडत नाही. त्याची ग्रुप फॉरवर्ड मास्क ही सेटिंग १६३८४ केली तर एलएलडीपी जाऊ देतो. इंटेलच्या एक्स७१० जातीच्या नेटवर्क कार्डांत तर फर्मवेअरमधला एजंटच फ्रेम खाऊन टाकतो, वर ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ता लागत नाही. ड्रायव्हरमधून तो बंद करता येतो, पण चालू सर्व्हरवर हे दिवसा करू नका.

सगळं जमलं की एक काम उरतं. गेस्टच्या खोल्यांकडे आणि इंटरनेट पुरवणाऱ्याकडे जाणाऱ्या पोर्टांवर एलएलडीपी आणि सीडीपी दोन्ही बंद करा. या फ्रेमांत मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॅनेजमेंटचा आयपी उघडा असतो, आणि पाठवणाऱ्याची ओळख कोणी तपासत नाही. २०२० साली सिस्कोच्या सीडीपी हाताळणीतल्या पाच त्रुटी जाहीर झाल्या होत्या. जुना स्विच असेल तर त्यानंतरचं फर्मवेअर त्यावर आहे का ते बघा.

इथे हात थांबवा

रॅकला किंवा केबलीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढे काहीही उपटू नका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं आणि मधे तांब्याची केबल, असा हा प्रकार असतो. आधी इलेक्ट्रिशियन, नेटवर्कवाला नंतर. वीज पडल्यानंतर पोर्ट पाठवतो पण ऐकत नाही, किंवा शेजारचे दोन पोर्टही लहरी वागायला लागले, तर तो स्विच सेटिंगने सुधारणार नाही. फायबरच्या पातळीवर दोष निघाला तर स्प्लायसिंगचं (फायबर सांधण्याचं) मशीन आणि ओटीडीआर (फायबर कुठे तुटली ते दाखवणारं यंत्र) असलेला माणूस बोलवा. टेप लावून सांधलेली काडी चालत नाही. पासवर्ड कोणालाच माहीत नाही आणि कोणी 'फॅक्टरी रिसेट मारू' म्हणतोय, तर त्याला अडवा: त्या स्विचमधले व्हीलॅन कुठेही लिहिलेले नसतील तर रिसेटनंतर सगळं हॉटेल बंद. मुख्य स्विचचं फर्मवेअर बदलणं आणि इंटरनेट पुरवणाऱ्याच्या पेटीत हात घालणं, हेही तुमचं काम नाही.

ज्याला बोलवाल त्याला फोनवर 'नेट गंडलंय' एवढंच सांगू नका. दोन्ही टोकांच्या शेजाऱ्यांच्या तक्त्याचे फोटो, पोर्टचा वेग आणि सीआरसी एररचे आकडे, केबलीच्या वाटेत सापडलेल्या वस्तूंची यादी, आणि चालू कॉन्फिगची प्रत आधीच पाठवून ठेवा. रत्नागिरीहून निघणारा माणूस मग बरोबर सुटा भाग घेऊनच येईल.